दोन वर्षे तेच टायमिंग

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पुण्यातील एका आईने लिहिले आहे. त्यांची मुलगी १४ वर्षांची असून नववीत शिकते. ती सातव्या वर्षापासून पोहते आणि बाराव्या वर्षी तिला राज्य स्पर्धेत पदक मिळाले होते. त्या वर्षी क्लबच्या २५ मीटरच्या तलावात तिने १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ६.८ सेकंदांत पूर्ण केली; ही वेळ वडिलांनी स्टॉपवॉचवर टिपली होती. आता ती बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावात स्पर्धेला उतरते आणि तिची वेळ १:०६.९ ते १:०७.५ यांच्यातच घुटमळते. बरोबरीच्या दोन मुली पुढे निघून गेल्या आहेत. वडील रोज सरावाला हजर राहून वहीत टायमिंग लिहितात आणि परतताना गाडीत त्यावर बोलणे होते. प्रशिक्षकांनी संध्याकाळच्या पाच सत्रांखेरीज आठवड्यातून चार दिवस पहाटेही यायला सांगितले आहे. मुलीचा उजवा खांदा दुखतो. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले आहे. तलावावर कोणीतरी ‘वजन वाढलंय’ म्हटल्यापासून ती रात्री पोळी-भात खात नाही. पुढच्या वर्षी दहावी असल्यामुळे नातेवाईक पोहणे बंद करा म्हणतात. परवा मुलगी म्हणाली, “मला आता काहीच वाटत नाही.” चार आठवड्यांनी जिल्हा स्पर्धा आहे आणि तिचे नाव पाच प्रकारांत दिले आहे. आई विचारतात, “सात वर्षे आणि इतका पैसा घालून आता सोडून द्यायचे का? की तिची जिद्द कमी पडते आहे म्हणून आम्हीच जोर लावायचा?”

तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा माझे लक्ष त्या शेवटच्या प्रश्नापेक्षा मध्येच येऊन गेलेल्या दोन वाक्यांवर अडले: खांदा दुखतो आणि रात्रीचे जेवण कमी झाले आहे. टायमिंगविषयी आपण बोलूच, कारण तुमच्या घरात सध्या सगळे त्याच्याभोवती फिरते आहे. पण दुखणारा खांदा आणि अर्धवट जेवण यांवर या आठवड्यात काहीतरी व्हायला हवे. पहाटेची सत्रे, दहावी, सोडायचे की नाही, हे निर्णय थोडे थांबू शकतात.

आधी त्या वहीकडे वळते, कारण तुमची सगळी चिंता त्या वहीतून सुरू झाली आहे. बाराव्या वर्षीची वेळ २५ मीटरच्या तलावातली आहे. त्या तलावात १०० मीटरला तीन टर्न येतात, ५० मीटरच्या तलावात एकच. प्रत्येक टर्नला भिंतीला पाय लावून जो जोर मिळतो, त्यामुळे लहान तलावातली वेळ नेहमीच कमी येते. १०० मीटर फ्रीस्टाइलला हा फरक साधारण दीड-दोन सेकंदांचा असतो. शिवाय हाताने घेतलेली वेळ स्पर्धेतल्या टचपॅडच्या, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पट्टीच्या, वेळेपेक्षा बहुधा थोडी कमीच भरते, कारण सुटण्याची शिट्टी ऐकून बटण दाबेपर्यंत माणसाचा थोडा उशीर होतो. म्हणजे मोठ्या तलावात, इलेक्ट्रॉनिक घड्याळावर १:०६.९ देणारी तुमची मुलगी बाराव्या वर्षीपेक्षा वेगवान झालेली आहे. दोन वर्षांचे टायमिंग एकाच रकान्यात एकाखाली एक लिहिले गेल्यामुळे तिची प्रगती तुम्हाला दिसलीच नाही, आणि बहुधा तिलाही दिसली नाही. ती दोन वर्षे आपण मागे पडलो असे समजून पोहते आहे.

हे वाचून सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. वेग अपेक्षेइतका वाढलेला नाही हे खरेच आहे, आणि त्याला ‘जिद्द कमी पडते’ हे कारण तुम्ही गृहीत धरले आहे. मला ते पटत नाही. ज्या मुलीत जिद्द नसते ती दुखऱ्या खांद्याने आठवड्यातून पाच संध्याकाळी पाण्यात उतरत नाही. बाराव्या वर्षाच्या आसपास मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते, आणि त्या काळात काहीही नवे न शिकता टायमिंग आपोआप सुधारते, कारण हातपाय लांब होतात. पुढे पाळी सुरू होते, कंबर रुंद होते, शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, पाण्यात शरीर ज्या बिंदूवर तोलले जाते तो बिंदू सरकतो. दोन वर्षांपूर्वी बसवलेला स्ट्रोक, म्हणजे हात मारण्याची पद्धत, आता या नव्या शरीराला पुन्हा बसवावा लागतो. याला वेळ लागतो, आणि तेरा ते सोळा या वयात असंख्य मुलींचे टायमिंग वर्ष-दीड वर्ष जागच्या जागी राहते. पुढे गेलेल्या त्या दोन मुलींचे वय तेच असले तरी त्यांची शरीरे या टप्प्यावर कुठे आहेत, हे आपल्याला ठाऊक नाही. मुलग्यांच्या पालकांना हीच गोष्ट उलट बाजूने भेडसावते: मिसरूड फुटलेल्या मुलांशेजारी उशिरा वाढणारा तेरा वर्षांचा मुलगा उभा राहतो आणि दोन-तीन वर्षे त्याला एकाही फायनलमध्ये लेन मिळत नाही. अशा मुलाच्या आईवडिलांनीही तो ‘कच्चा’ आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये.

आपल्याकडे बारा वर्षांच्या मुलांच्या पदकांचे कौतुक इतके मोठे होते की पुढचा रस्ता सरळ वरच जायला हवा अशी आपली समजूत होऊन बसते. स्वीडनच्या सारा श्योस्ट्रॉम हिने २००९ मध्ये, पंधराव्या वर्षी, १०० मीटर बटरफ्लायचा विश्वविक्रम केला. तीन वर्षांनी लंडन ऑलिंपिकहून ती पदकाविना परतली, पहिले ऑलिंपिक सुवर्ण तिला २०१६ मध्ये मिळाले, आणि २०२४ मध्ये पॅरिसला तिसाव्या वर्षी तिने ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल या दोन्ही शर्यती जिंकल्या. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. सोळाव्या वर्षी ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले, २०१० मध्ये ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले, जे आशियाई स्पर्धेत जलतरणात भारताला १९८६ नंतर मिळालेले पहिले पदक होते. त्यानंतर ते तहसीलदार म्हणून शासकीय सेवेत गेले, पोहण्यापासून दूर राहिले, पुन्हा पाण्यात उतरले आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत चौथे आले. कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. तुमची मुलगी तिथवर जाईल असे मी सुचवत नाही. पोहणाऱ्याच्या आयुष्यात थांबणे, मागे येणे आणि परतणे असते, एवढेच या दोघांकडे पाहून लक्षात घ्यावे.

आता खांदा. संध्याकाळच्या एका सत्रात ती साडेचार-पाच किलोमीटर पोहत असेल. ५० मीटरला दोन्ही हात मिळून ४० फेरे धरले, तर पाच किलोमीटरला ते ४,००० होतात, म्हणजे उजवा खांदा एका संध्याकाळी २,००० वेळा फिरतो, आणि असे आठवड्यातून पाच दिवस. या हिशेबात चार पहाटांची भर घालण्याआधी खांदा का दुखतो हे कळायला हवे. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा खेळाडूंवर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवा, आणि जाताना दुखणे नेमके केव्हा होते हे तिच्याकडून विचारून घ्या: हात पाण्यात जाताना, पाणी मागे ओढताना, की रात्री त्या कुशीवर झोपल्यावर. तोपर्यंत पॅडल (सरावात तळहाताला लावायच्या पट्ट्या) आणि बटरफ्लाय बंद ठेवावेत, किकचे म्हणजे फक्त पायांचे सेट वाढवावेत, असे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा. वेदनाशामक गोळी देऊन सराव पार पाडणे हा उपाय नव्हे, आणि ही गोष्ट काही घरांत सर्रास चालते म्हणून ती येथे लिहिते आहे.

जेवणाविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वाढत्या वयात, रोज दोन तास पोहून आलेल्या मुलीने रात्री पोळी-भात सोडला, तर शरीर कुठेतरी काटकसर सुरू करते: आधी वेग जातो, मग उत्साह, मग पाळी अनियमित होते आणि हाडांची घडण होण्याच्या वर्षांत हाडेच कमजोर राहतात. “मला काहीच वाटत नाही” या वाक्यामागे किती कंटाळा आहे आणि किती उपासमार, हे आज सांगता येत नाही. तिचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून शरीरातील लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवे. ‘सरावामुळे होते असे’ म्हणून ते सोडून देऊ नका. जेवणात काही विशेष करावे लागत नाही. सरावाआधी केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू, तलावातून बाहेर आल्यावर गाडीतच डब्यातला पराठा किंवा उकडलेली अंडी आणि दूध, घरी वरण-भात, भाजी, पोळी, दही. बाजारातली पावडर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण अशा पावडरींत न छापलेले घटक सापडतात आणि उत्तेजक चाचणीत सापडल्यावर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

‘वजन वाढलंय’ हे कोण म्हणाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. एखाद्या पालकाने म्हटले असेल तर तुम्ही तिला घरात निःसंदिग्ध शब्दांत सांगा की ते बोलणे चुकीचे होते. प्रशिक्षक किंवा त्यांचे सहायक म्हणाले असतील, तर त्यांना समक्ष भेटून सांगा की मुलीच्या शरीराविषयी तिच्याशी कोणीही बोलायचे नाही आणि आहाराचा प्रश्न असेल तर तो आधी तुमच्याशी काढायचा. पाळीच्या दिवसांत ती काय करते, हेही एकदा विचारा. अनेक मुली ‘पोट दुखतंय’ म्हणून सराव चुकवतात, ओरडा खातात, आणि खरे कारण पुरुष प्रशिक्षकांना सांगू शकत नाहीत. टॅम्पॉन, कप, पोहण्यासाठीची खास अंतर्वस्त्रे यांपैकी तिला काय सोयीचे वाटते ते तुम्ही तिच्याबरोबर बसून ठरवा, आणि ‘आज जमणार नाही’ एवढेच सांगून ती बाजूला बसली तर कोणी कारण विचारणार नाही, अशी व्यवस्था प्रशिक्षकांशी बोलून करून घ्या. याच भेटीत क्लबचे इतर नियमही विचारून घ्यावेत: प्रशिक्षक मुलांना रात्री एकट्याने मेसेज करतात का, बाहेरगावच्या स्पर्धांना मुलींबरोबर महिला व्यवस्थापक असते का, मसाज बंद खोलीत होतो का. असे विचारणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे, आणि चांगले प्रशिक्षक त्याचे वाईट वाटून घेत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ ही हेल्पलाइन आहे, हे प्रत्येक तलावावरच्या पालकांना माहीत असायला हवे.

पहाटेच्या सत्रांचा हिशेब तुम्ही स्वतःच मांडून पाहा. संध्याकाळचा सराव आठला संपतो असे धरले, तर घरी पोहोचून जेवण, अभ्यास होईपर्यंत पावणेअकरा वाजतात. पहाटे साडेचारला उठायचे तर पावणेसहा तास झोप मिळेल. या वयाला आठ ते दहा तास लागतात. झोपेत शरीराची दुरुस्ती होते आणि दिवसभरात घोटवलेला टर्न मेंदूत बसतो तोही झोपेतच, त्यामुळे झोप कापून वाढवलेले किलोमीटर फुकट जाण्याची शक्यता फार मोठी आहे. मी तुमच्या जागी असते तर प्रशिक्षकांना विचारले असते की दोन संध्याकाळी कमी करून त्यांच्या जागी दोन पहाटा घेता येतील का, आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा राहील का, आणि जास्तीचे अंतर मे महिन्याच्या सुटीत घेता येईल का. मुलांच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतील संघटनेची शिफारस आहे की आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी दोन ते तीन महिने मुलांना त्यांच्या खेळापासून सुटी मिळावी. आपल्याकडे सलग बारा महिने चालणाऱ्या बॅचेस पाहिल्या की ही शिफारस फार दूरची वाटते, तरी तिच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करण्यासारखा आहे. प्रशिक्षकांशी बोलताना टायमिंगची वही नेऊ नका. तिच्या स्ट्रोकमध्ये दोन वर्षांत काय बदलले, ५० मीटरला ती किती हात मारते, स्टार्टला आणि टर्नला ती किती गमावते, असे विचारा. या प्रश्नांना ज्यांच्याकडे उत्तरे आहेत, त्यांच्या हाती मुलगी सुरक्षित आहे.

आता तिच्या वडिलांविषयी. त्यांच्यावर रागावून काही साधणार नाही. नोकरीवरून थेट तलावावर येऊन दोन तास बाकावर बसणारा माणूस मुलीवर जीव टाकतो, आणि ते प्रेम दाखवायला त्यांना घड्याळ सापडले आहे. माझी मुलगी पोहत असे तेव्हा एका स्पर्धेत मी गॅलरीत पहिल्या रांगेत बसले होते. ती शेवटच्या भिंतीला हात लावून वर आली, गॉगल कपाळावर सरकवला, आणि समोर मोठा फलक लागलेला असताना त्याकडे न बघता तिने आधी गॅलरीत माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. आपली वेळ काय आली हे ती माझ्या तोंडावर वाचत होती. त्या दिवसानंतर मी मागच्या रांगेत बसू लागले, आणि ते मी फार आधी करायला हवे होते असे आजही वाटते.

म्हणून तुमच्या घरासाठी माझी विनंती अशी आहे की पुढचे सहा आठवडे वडिलांनी घड्याळ घरी ठेवावे. सरावाला थांबायचे असेल तर तलावाबाहेर थांबावे, फिरून यावे. गाडीत टायमिंगचा विषय ती काढेल तेव्हाच निघावा आणि ती गप्प बसली तर गाडीतही शांतता असू द्यावी; ओला टॉवेल मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसण्याची तिला मोकळीक हवी. घड्याळाची आवड त्यांना खरोखरच असेल तर क्लबच्या स्पर्धांना टाइमकीपर नेहमी कमी पडतात. तिथे त्यांनी दुसऱ्या वयोगटातल्या मुलांच्या लेनवर उभे राहावे. त्या कामाचे समाधान मोठे असते, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे चढउतार जवळून पाहिले की आपल्या मुलीच्या अर्ध्या सेकंदाचे ओझेही हलके होते.

सोडायचे की नाही, हे तिलाच विचारायचे आहे, पण शर्यतीनंतर किंवा भांडणानंतर विचारू नका. रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, वडिलांनी आणि तुम्ही मिळून विचारा, आणि विचारण्याआधी एक गोष्ट सांगा: झालेल्या खर्चाचा हिशेब तिच्याकडून कधीही मागितला जाणार नाही. सात वर्षांचा पैसा तिच्या बळकट फुप्फुसांत, मैत्रिणींत आणि पाण्याची भीती नसण्यात केव्हाच वसूल झालेला आहे. तो पुढच्या पदकाने फेडायचा असतो ही समजूत तुमच्या पत्रात मला जाणवली, आणि तशी ती तिच्याही मनात असणार. दमलेली मुलगी ‘सोडते’ म्हणते, तेव्हा तिला विश्रांती हवी असते. खांदा बरा होऊन, पोटभर जेवून, सहा आठवडे घड्याळाविना पोहून तिने पुन्हा तेच सांगितले, तर तिचे ऐका. तोवर तिला १०० मीटरचा वीट आला असेल पण पाण्याचा नाही, असेही निघू शकते. मग लांब पल्ल्याचा किंवा वॉटर पोलोचा विचार करा, किंवा डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेला कुटुंबाने मिळून जा. समुद्रात भरतीओहोटी आणि लाटा वेळ ठरवतात, त्यामुळे तिथे जुन्या वहीशी तुलनाच करता येत नाही.

दहावीबाबत नातेवाइकांचे म्हणणे मी पूर्ण उडवून लावणार नाही, कारण वेळ खरोखरच कमी असतो. तरीही वर्षभर पाण्याबाहेर राहिलेल्या या वयाच्या मुलीला परत येणे अवघड जाते, आणि अभ्यासाच्या ताणात तासभर पोहणे हाच अनेकींचा विसावा असतो. दिवाळीपर्यंत नेहमीचा सराव, त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, परीक्षेच्या महिन्यात मनाला येईल तेव्हा, असा बेत बहुतेक घरांना झेपतो. शालेय क्रीडा स्पर्धांत १७ वर्षांखालील गट असतोच, म्हणजे दहावीनंतर वेळ हातातून गेला असेही नाही. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण यांसाठी तिची सर्व प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि शाळेकडे वेळेत चौकशी करा. पण तिला पोहत ठेवण्याचे कारण म्हणून ते गुण तिच्यासमोर मांडू नका.

राहता राहिली जिल्हा स्पर्धा. खांद्याच्या डॉक्टरांनी नको म्हटले तर नाव मागे घ्या आणि त्याचा खुलासा कोणालाही देत बसू नका. त्यांनी हरकत घेतली नाही, तर पाच प्रकारांपैकी कोणते दोन ठेवायचे ते तिला निवडू द्या. बटरफ्लाय त्यात नसावा एवढीच अट घाला. सोमवारी सकाळी आधी डॉक्टरांची वेळ घ्या, मग प्रशिक्षकांना फोन करा. आणि ती वही तिला देऊन टाका. २५ मीटरच्या वेळा कोणत्या आणि ५० मीटरच्या कोणत्या, हे तिने स्वतः दोन रंगांनी खुणावले, तर तुम्ही दोन वर्षांत न पाहिलेली प्रगती तिला तुमच्याआधी दिसेल.